मुतखड्याने बाप गेला, मग मुलालाही धरलं... त्या मुलाने दुखण्याचा हिशोबच लिहून ठेवला

तारीख २४ ऑगस्ट १५८१. इटलीतल्या लुक्का शहराजवळच्या डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यांचं एक गाव आहे. तिथे मुक्कामाला आलेल्या एका फ्रेंच माणसाच्या मूत्रमार्गात खडा येऊन अडकला होता. जेवणाची वेळ होईपर्यंत त्याने कळ सोसली. लघवी मुद्दाम रोखून धरली, म्हणजे सोडल्यावर जोर जास्त लागेल. शेवटी खडा बाहेर पडला. आधी रक्त, नंतरही रक्त.

आपण असतो तर सरळ अंथरूण धरलं असतं. या गड्याने खडा नीट निरखून पाहिला आणि वहीत लिहून ठेवलं : लांबी चिलगोज्याएवढी, एका टोकाला जाडी शेंगेतल्या दाण्याएवढी. आकार कशासारखा होता तेही लिहिलंय, पण ते इथे नको.

हा माणूस म्हणजे मिशेल द मोंतेन.

नाव ऐकल्यासारखं वाटत नसेल, तर एक ओळख सांगतो. शाळेत आपल्याला निबंध लिहायला लावायचे ना, त्याचं खापर कुणावर फोडायचं असेल तर या माणसावर फोडा. स्वतःच्या मनात जे येतंय ते, स्वतःबद्दल, मोकळेपणाने लिहायचं आणि त्याला 'प्रयत्न' म्हणायचं, ही कल्पना त्याची. 'प्रयत्न' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरूनच 'एसे' हे नाव पडलं. आपल्याकडे ना. सी. फडके, अनंत काणेकर यांनी जो लघुनिबंध लिहिला, त्याचं मूळ शोधत मागे गेलं की माणूस मोंतेनपाशीच पोचतो.

पण आज आपण त्याच्या साहित्याबद्दल बोलणार नाही. त्याच्या किडनीबद्दल बोलणार आहोत.

मोंतेनचा जन्म २८ फेब्रुवारी १५३३ चा. फ्रान्सच्या नैऋत्येला, बोर्दोपासून जवळच त्यांच्या घराण्याची गढी होती. वडील पिएर एकेम तरुणपणी इटलीच्या लढायांत लढून आलेले, पुढे बोर्दोचे महापौर झालेले. मुलाला वाढवायची त्यांची पद्धत अचाट होती. तान्हेपणी त्याला दूध पाजायला गावातल्या गरीब घरी ठेवलं. जरा मोठा झाल्यावर त्याच्यासाठी एक जर्मन शिक्षक ठेवला, ज्याला फ्रेंच येत नव्हतं. घरातल्या सगळ्यांना, नोकरांनासुद्धा, हुकूम असा की पोरासमोर लॅटिनच बोलायचं. सकाळी त्याला हाका मारून नाही, तर वाद्य वाजवून उठवायचे. मोंतेन आपल्या वडिलांबद्दल आयुष्यभर प्रेमाने लिहीत राहिला, त्यात नवल नाही.

हे वडील ६७ वर्षांचे होईपर्यंत ठणठणीत होते. पाठीत कळ नाही, कुशीत कळ नाही, लघवीची तक्रार नाही. आणि मग एकदम मुतखडा. त्यानंतरची सात वर्षं त्यांनी ज्या यातनांत काढली, त्या मोंतेनने जवळून पाहिल्या. मूत्राशयात मोठा खडा घेऊन, तडफडत, १५६८ साली ते गेले.

तेव्हा मोंतेन ३५ वर्षांचा होता. त्याआधी पाच वर्षं त्याचा जिवलग मित्र एतिएन द ला बोएसी वारला होता. पुढे मुली झाल्या सहा, त्यातली एकच जगली. १५७१ मध्ये, ३८ व्या वाढदिवशी त्याने बोर्दोच्या न्यायालयातली नोकरी सोडल्याचं जाहीर केलं आणि गढीच्या एका गोल बुरुजात पुस्तकं घेऊन बसला. छताच्या तुळयांवर ग्रीक आणि लॅटिन वचनं रंगवून घेतली. मरण कसं येतं आणि त्याला सामोरं कसं जायचं, हा त्याच्या लिखाणातला मोठा विषय होता. आणि सगळ्या दुखण्यांमध्ये ज्या एकाची त्याला लहानपणापासून भीती वाटायची, ते दुखणं होतं मुतखडा.

पंचेचाळिशीच्या आसपास त्याला मुतखडा झाला.

आता जरा त्याच्या जागी बसून बघा. बापाला या दुखण्याने कसं नेलं ते डोळ्यांनी पाहिलंय. भूल नाही, वेदनाशामक गोळी नाही, सोनोग्राफी नाही. मूत्राशयातला खडा काढायचा तर माणसाला धरून ठेवून जागेपणी चिरायचं, आणि त्यातून वाचेल याची खात्री नाही. तरी पहिल्या दीड वर्षानंतर मोंतेनने जे लिहिलं, त्यात रडगाणं फारसं नाही. दुखतंय, हे कबूल. पण जेवढी भीती वाटली होती तेवढं वाईट नाही, असा त्याचा निष्कर्ष. कळ आली की ती कळच असते, पण गेली की माणूस क्षणात मोकळा होतो, आणि ज्याला मुतखडा होऊन गेलाय त्याला हे पटेल.

त्याला एक कोडं मात्र सुटत नव्हतं. वडिलांना दुखणं झालं त्याच्या पंचवीस वर्षं आधी आपण जन्मलो. मग ज्या बिजापासून आपण झालो, त्यात पुढे होणाऱ्या दुखण्याची खूण कुठे लपून बसली होती? आणि एवढ्या भावंडांमध्ये ती फक्त आपल्यातच का उतरली? जनुकं हा शब्द जन्माला यायला अजून तीनशे वर्षांहून जास्त काळ होता, पण प्रश्न अगदी नेमका होता. आज डॉक्टर मुतखड्याच्या पेशंटला घरात आणखी कुणाला होता का हे विचारतात. घरात इतिहास असेल तर धोका साधारण दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असतो. पण तो सगळ्या भावंडांना सारखा गाठत नाही. खाणंपिणं, हवा, घाम, बाकीचे आजार, सगळं त्यात मिसळतं.

डॉक्टर म्हणजे कटकट, आणि एका बोकडाची गोष्ट

मोंतेनचा डॉक्टरांवर काडीचा विश्वास नव्हता. तोही वडिलोपार्जितच. त्याचे वडील ७४ वर्षं जगले, आजोबा ६९, पणजोबा जवळजवळ ८०, आणि यातल्या कुणीही औषधाला हात लावला नव्हता, असं तो अभिमानाने सांगायचा.

पण त्याचा राग नुसता आडमुठेपणा नव्हता. त्याने मुतखड्यावर त्या काळच्या वैद्यांचं म्हणणं गोळा केलं आणि शेजारी शेजारी मांडलं. एक म्हणतो मार्ग मोकळे करणारी औषधं घ्या, खर वाहून जाईल. दुसरा म्हणतो अजिबात नको, मार्ग मोकळे केले तर खर किडनीकडे येईल आणि पुढच्या अरुंद नळीत अडकून जीव जाईल. एक म्हणतो लघवी वारंवार करा, म्हणजे गाळ बसणार नाही. दुसरा म्हणतो थांबून करा, म्हणजे धार जोरात येऊन गाळ ढकलला जाईल. एक म्हणतो गरम पाण्यात डुंबा, अंग सैल पडेल. दुसरा म्हणतो उष्णतेने खडा भाजून आणखी कडक होईल.

आपल्या फॅमिली ग्रुपवर कुणाला मुतखडा झाल्याची बातमी टाकून बघा. पाच मिनिटांत बार्लीचं पाणी, कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, टोमॅटो बंद, दूध बंद, बिअर चालू अशी यादी येते आणि त्यातली निम्मी एकमेकांच्या विरुद्ध असते. साडेचारशे वर्षांत फार काही बदललेलं नाही.

बोकडाचा किस्सा याहून भारी आहे. त्या काळी ठाम समजूत होती की बोकडाचं रक्त मुतखडा विरघळवतं. मोंतेनला मुतखडा झालेला नव्हता तेव्हाच त्याने घरी असा बोकड पाळून घेतला होता. पुढेमागे लागला तर असावा, नाहीतर गावातल्या कुणाच्या तरी कामाला येईल. या बोकडाला कृतीप्रमाणे खास वनस्पतींचाच चारा आणि प्यायला व्हाइट वाइन. (बोकडाचं आयुष्य बघा.) ठरल्या वेळी तो कापला, तेव्हा स्वयंपाक्याच्या हाताला पोटात काहीतरी लागलं. मोंतेनने कोथळा समोर आणवून उघडायला लावला. आत तीन गोळे निघाले. स्पंजासारखे हलके, पण वरून कडक, त्यातला एक चांगला वाटोळा आणि मोठा.

म्हणजे खडा विरघळवायला पाळलेल्या बोकडाच्या पोटातच खडे. मोंतेनने त्यावरून जो तर्क काढला तो साधा आहे : जो प्राणी स्वतः याच दुखण्याने मरायला टेकला होता, त्याचं रक्त मला काय वाचवणार?

खरं सांगायचं तर ते किडनीतले खडे नव्हते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात न पचलेल्या चाऱ्याचे आणि केसांचे असे गोळे होतात. पण उपायाच्या गळ्यात हात घालण्याआधी त्याचं पोट उघडून बघायचं, हा त्याचा बाणा बरोबर होता.

मग तो पाण्याच्या शोधात निघाला

१५८० मध्ये त्याच्या निबंधांची पहिली दोन पुस्तकं बोर्दोमध्ये छापली गेली. त्याच वर्षी २२ जूनला ४७ वर्षांचा मोंतेन घराबाहेर पडला, तो परत आला ३० नोव्हेंबर १५८१ ला. फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनी, इटली. बहुतेक सगळा प्रवास घोड्यावरून. मुतखडा असूनही आपण आठ-दहा तास न उतरता घोड्यावर बसू शकतो, असं त्याने नंतर लिहून ठेवलंय.

प्रवासाला कारणं बरीच होती. देश बघायचा होता, घरच्या कटकटींतून सुटायचं होतं, फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते त्यापासून दूर जायचं होतं. पण नकाशावर त्याचे लांबलचक मुक्काम बघितले तर ते झऱ्यांवर दिसतात. लॉरेनमधलं प्लोंबिएर, स्वित्झर्लंडमधलं बाडेन, आणि लुक्काजवळचं बान्यो देल्ला व्हिल्ला. औषधावर विश्वास नसलेल्या माणसाचा पाण्यावर मात्र होता. तोही बेताचाच. चमत्कार मी एकही पाहिला नाही, पण नुकसानही पाहिलं नाही, भूक लागते, मन रमतं, असा त्याचा सूर होता.

प्लोंबिएरला तो सप्टेंबरमध्ये अकरा दिवस राहिला. सकाळी नऊ ग्लास पाणी आणि एक दिवसाआड आंघोळ. तिथले लोक त्याच्याकडे बघत राहिले, कारण तिथे पाणी पिण्यापेक्षा त्यात बसण्याची पद्धत होती. जर्मन लोक तासन् तास पाण्यात बसून राहतात, इटालियन लोक पितात आणि धारेखाली अंग शेकतात, प्रत्येक देशाचं शास्त्र वेगळं, हेही त्याने टिपून ठेवलं.

आणि टिपलं म्हणजे किती? किती पाणी प्यायलो, त्यातलं किती बाहेर पडलं, किती वेळाने पडलं, रंग कसा होता, सोबत खर आली की खडा, खडा मऊ की कडक. प्रवासाचा पहिला भाग त्याच्या लेखनिकाने लिहिलाय, पुढे रोममध्ये मोंतेनने स्वतः लेखणी हातात घेतली आणि लुक्काच्या झऱ्यांवर असताना तर चक्क इटालियनमध्ये लिहायला लागला.

वाचताना हसू येतं. पण आज मुतखडा पुन्हा पुन्हा होणाऱ्या माणसाला यूरॉलॉजिस्ट काय सांगतात? २४ तासांची लघवी एका कॅनमध्ये जमा करून आणा. किती आहे ते मोजतात, त्यात कॅल्शियम किती, ऑक्झलेट किती, युरिक ॲसिड किती, सायट्रेट किती ते बघतात. मोंतेनकडे लॅब नव्हती, डोळे होते.

आतमध्ये होतं काय, ते थोडक्यात. लघवीत क्षार विरघळलेले असतात. पाणी कमी आणि क्षार जास्त झाले की ते स्फटिकासारखे जमायला लागतात, साखरेचा पाक आटल्यावर कडेला दाणे धरतात तसे. बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात, त्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे जास्त. खडा किडनीत नुसता बसून असतो तेव्हा बऱ्याचदा कळतही नाही. तो सुटून किडनी आणि मूत्राशय यांना जोडणाऱ्या बारीक नळीत अडकला की मागे लघवी तुंबते, दाब वाढतो आणि ती जीवघेणी कळ येते. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडून जातात.

मग पाण्याने फरक पडतो का? पडतो, आणि हे मोजूनही झालंय. तेही इटलीतच. पार्मा शहरातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मुतखडा झालेल्या लोकांचे दोन गट करून पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि १९९६ साली निकाल छापला. भरपूर पाणी पिणाऱ्या गटात साधारण १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्के. म्हणूनच डॉक्टर सांगतात की दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. किती प्यायलो यापेक्षा किती बाहेर पडलं हे बघा. उन्हात काम करणाऱ्याला त्यासाठी बरंच जास्त प्यावं लागतं. ज्यांना हृदयाचा किंवा किडनी निकामी होण्याचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

पण इथे एक घोळ होतो. पाणी नवा खडा होऊ देत नाही, ही गोष्ट खरी. नळीत अडकलेला खडा घटाघटा पाणी पिऊन धक्क्याने बाहेर पडतो, याला पुरावा नाही. उलट कळ चालू असताना पोट फुटेस्तोवर पाणी प्यायल्याने उलट्या वाढू शकतात. आणि कळीसोबत थंडी-ताप आला, लघवी बंद झाली किंवा एकच किडनी असलेल्या माणसाला कळ आली, तर कुळीथ, लिंबू, बार्ली सगळं बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर जीव जातो. मोंतेनने लघवी रोखून धरली तेही आज कुणी करू नये.

त्याच्या जेवणाबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे त्याचं चुकत होतं. मोंतेनला खारवलेलं मांस फार आवडायचं, मासे आवडायचे. भाजी आणि फळं जेमतेम, अपवाद खरबुजाचा. ब्रेड मात्र बिनमिठाचा लागायचा, बाकी मीठ दुसरीकडून भरून निघत असावं. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, आणि मांस-मासे जास्त झाले की सायट्रेट कमी होतं आणि युरिक ॲसिड वाढतं. थोडक्यात, सकाळी नऊ ग्लास पाणी पिऊन जे कमावलं ते संध्याकाळच्या ताटात काही प्रमाणात गमावलं. बिचाऱ्याला हे कळायचा मार्गच नव्हता.

आणि दुधाचं म्हणाल तर, पार्माच्याच डॉक्टरांनी २००२ मध्ये दाखवलं की दूधदुभतं तोडून कॅल्शियम कमी करणाऱ्यांपेक्षा, कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांस कमी करणाऱ्यांना खडे कमी झाले. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते किडनीपर्यंत जातच नाही. तेव्हा मुतखडा झाला म्हणून घरच्यांनी तुमचं दही बंद केलं असेल, तर हा परिच्छेद त्यांना फॉरवर्ड करा.

लुक्काच्या झऱ्यांवर मोंतेन दोनदा राहिला, दोन्ही मिळून अडीच महिने. नुसता पाणी पीत बसला नाही. मे महिन्यात त्याने गावकऱ्यांसाठी नाचाचा कार्यक्रम ठेवला, चांगलं नाचणाऱ्यांना बक्षिसं दिली आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या, पण कविता रचणाऱ्या एका गरीब शेतकरी बाईला आपल्या पंगतीला बसवलं. आणखी एक गंमत झाली. एका कार्डिनलचा पुतण्या तिथे उपचारासाठी आलेला होता. त्याच्या डॉक्टरांमध्ये जुंपली. तेव्हा त्यांनी मोंतेनलाच येऊन विनंती केली की आमचं सगळ्यांचं ऐकून तुम्हीच निकाल द्या. डॉक्टरांची आयुष्यभर टिंगल करणारा माणूस, आणि डॉक्टर त्याला पंच म्हणून बोलावतायत. तो मनातल्या मनात हसला.

मग ऑगस्टमधला तो खडा. त्या दिवशी त्याने वहीत खड्याच्या मापानंतर स्वतःलाच बजावलं, की हे दुखणं आपल्याला कधीही मारू शकतं हे माहीत असूनही आधीपासून मनाची तयारी केली नाही, तर तो भेकडपणा होईल.

दोन आठवड्यांनी, ७ सप्टेंबरला, बोर्दोहून पत्र आलं. शहराने एकमताने त्याला महापौर निवडलं होतं. न विचारता. तो टाळाटाळ करत रोमला गेला, पण राजा तिसरा हेन्री याने हुकूमच काढला. १५८१ ते १५८५, चार वर्षं त्याने वडिलांच्याच खुर्चीत बसून कारभार केला. यादवीच्या दिवसांत राजा आणि प्रोटेस्टंटांचा पुढारी नव्हारचा हेन्री, दोघेही ज्याच्याशी बोलतात अशा मोजक्या लोकांमध्ये तो होता. शेवटी शेवटी प्लेगची साथ आली. १५८८ मध्ये निबंधांचं तिसरं पुस्तक घेऊन तो पॅरिसला गेला, तर आजारी असताना अंथरुणातून उठवून त्याला बास्तीयच्या तुरुंगात टाकलं. राजमाता कॅथरीनने मध्ये पडून त्याच दिवशी सोडवलं.

खडे येतच राहिले. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या निबंधात त्याने मुतखड्यावर पानंच्या पानं लिहिलीत, आणि ती त्याच्या सगळ्या लिखाणातली सगळ्यात शांत पानं म्हणता येतील. तोवर त्याने या पाहुण्याशी जुळवून घेतलं होतं. हे दुखणं डोकं शाबूत ठेवतं, अधूनमधून सुट्टी देतं, आणि मरणाची ओळख हळूहळू, हप्त्याहप्त्याने करून देतं, असं त्याचं म्हणणं. पाणी त्याने सोडलं नाही, पण बरा झालो असा दावाही कधी केला नाही.

१३ सप्टेंबर १५९२ ला, वयाच्या ५९ व्या वर्षी, तो आपल्या गढीत वारला. ज्या दुखण्याने बापाला नेलं आणि ज्याची वाट तो वर्षानुवर्षं बघत होता, त्याने नाही. घशात गळू झालं, जीभ बंद पडली. आयुष्यभर बोलण्याची हौस असलेला हा माणूस शेवटच्या दिवसांत लिहूनच जे सांगायचं ते सांगत होता.

प्रवासाची ती वही त्याने छापली नव्हती. ती गढीतल्या एका जुन्या पेटीत पडून राहिली आणि १७७० साली एका पाद्र्याच्या हाती लागली. तोवर मोंतेन युरोपभर गाजलेला होता. आता रोमबद्दल, पोपबद्दल, माणसाच्या स्वभावाबद्दल काहीतरी अफाट वाचायला मिळणार म्हणून लोक सरसावून बसले. १७७४ मध्ये पुस्तक निघालं. त्यात रोमही होतं आणि पोपही होता, पण पानोपान होतं ते सकाळी किती ग्लास प्यायलो आणि दुपारपर्यंत त्यातलं किती गेलं.